‘अर्धी चिता’ लिहिणारे सर

नागापूरकर सरांच्या शोकसभेला मी गेले होते. परभणीत, त्यांच्या शाळेच्या हॉलमध्ये. सात जण बोलले. सातही जण खोटं बोलले असं मी म्हणणार नाही, पण सगळ्यांनी मिळून एकच माणूस उभा केला. मृदू, विद्यार्थ्यांनाही अहोजाहो करणारा, भयकथा लिहिणारा पण मुंगीही न मारणारा. लिंबाजीचं नाव एकानंही घेतलं नाही. मला बोलायला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. पत्रकात लांबण लावायला जागा नसते. अन्याय काय, कुणावर, कुठं, आणि आमची मागणी काय, एवढंच. त्यामुळं माझ्या लिहिण्यात गोडवा कमी आहे, हे आधीच सांगते. सरांनीच माझ्या नववीच्या निबंधाखाली हिरव्या शाईनं लिहिलं होतं, ‘आपण वाचकाला दटावता. जरा बसायला तरी सांगा.’

सर आम्हाला आठवी ते दहावी मराठी शिकवत. राहायला पिंगळीत. माझं गाव पिंगळीच्या पुढं, पायी अर्ध्या तासावर. म्हणजे परभणीला जायची सकाळची गाडी आमची एकच. सर फलाटावर छत्री घेऊन उभे असत, बाराही महिने. ऊन नसो, पाऊस नसो. ती छत्री कुत्र्यांसाठी होती. अख्ख्या जिल्ह्याला भुतं दाखवून घाबरवणारा हा माणूस कुत्र्याला भ्यायचा. फलाटावर कुत्रं आलं की सर हळूच आम्हा पोरींच्या मागं सरकत आणि म्हणत, “शोभा, तुम्ही जरा या बाजूला उभ्या राहता का?”

हे ‘तुम्ही’ सगळ्यांना फार आवडायचं. मला त्याचा संशय यायचा. आमच्या वस्तीतल्या पोरांना गावात कुणी ‘तुम्ही’ म्हणत नसे. माझी आई म्हणायची, “लय मान देणारं माणूस दोन हात लांब उभं ऱ्हातंय, बघ.” आणि सर खरंच दोन हात लांब उभे राहत. पण ते सगळ्यांपासूनच, पाटलाच्या पोरापासूनही. तेव्हा हे सोवळं होतं की स्वभाव, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला सर खिडक्या लावून घ्यायला सांगत आणि आपली नवी कथा वाचून दाखवत. आवाज अगदी खाली. मधेच थांबून तोंडातली लवंग या गालातून त्या गालात नेत. तेवढ्या वेळात वर्गाचा श्वास अडकलेला. एकदा कथा संपल्यावर म्हणाले, “लक्षात ठेवा, भीती नेहमी गावाबाहेर राहते.”

मी उभी राहिले. म्हटलं, “सर, गावाबाहेर आम्ही राहतो.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “बसा.” पुढच्या शनिवारी कथा झाली नाही, व्याकरण झालं. मला वाटलं, मी जिंकले.

आता लिंबाजी. नात्यानं माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणून मी त्याला मामा म्हणते. ज्या साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, त्या साली आमच्या वस्तीतली काही घरं जळाली. त्यात त्याचं एक. म्हाताऱ्या आईला बाहेर काढायला तो आत गेला. म्हातारी वाचली नाही. त्याच्या तोंडाची डावी बाजू भाजली ती भाजलीच. डोळ्याची पापणी ओढली गेली, ओठाचा कोपरा वर गेला, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं एकमेकांना चिकटली. तशाच हातानं तो बाजा, म्हणजे सुंभाच्या खाटा, विणायचा. आजूबाजूच्या दहा-बारा गावांत, अंबाडीच्या सुंभाचं वेटोळं खांद्यावर टाकून हिंडायचा. दारापाशी थांबायचं, घसा खाकरायचा आणि आवाज द्यायचा, “हाय का कुनी घरात?” बाई बाज अंगणात टाकायची. तो दिवसभर अंगणात बसून विणायचा. भाकर मिळायची, वरून, हाताला हात न लागू देता. पण काम मिळायचं. बाज चांगली विणणारं माणूस दुसरं नव्हतं.

एका दिवाळीच्या सुट्टीत सरांनी त्याला बाज विणायला बोलावलं. दोन दिवसांचं काम होतं. मामा नंतर आईला सांगत होता, “मास्तर लय भला. समोर खुर्ची टाकून बसला. म्हनला, लिंबाजीराव, तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करतो. लिवायलाच होता दोन दिस.”

काय लिहीत होते ते उन्हाळ्यात कळलं.

कथेचं नाव ‘अर्धी चिता’. एका मासिकात आली, मग तिची पुस्तिका निघाली. निजामाच्या काळातला एक हकीम विझलेल्या चितेवरून अर्धं जळालेलं प्रेत उचलून आणतो, औषधांनी जिवंत करतो आणि उजाडल्यावर त्याचं तोंड बघून घाबरतो. त्याला बाहेर ढकलून दाराला कडी लावतो. ते बाहेर पडलेलं, ते गावोगाव हिंडतं. दारापाशी थांबतं, घसा खाकरतं, विचारतं, “हाय का कुनी घरात?” एकही दार उघडत नाही. मग ते लेकरं न्यायला लागतं.

हकिमाला नाव होतं, हवेली होती, घोडा होता. घोड्यालासुद्धा नाव होतं. त्या जिवाला नाव नव्हतं. ओढलेली पापणी मात्र होती, खांद्यावर सुंभ होतं, चिकटलेली दोन बोटं होती. मुखपृष्ठावर निळ्या रंगात तेच तोंड. पुस्तिका परभणीच्या एसटी स्टँडवर टांगलेली मी पाहिली.

आमच्या गावातल्या पोरांना कळायला वेळ लागला नाही. मामानं कुणाच्या दारात आवाज दिला की पोरं किंचाळत आत पळायची. मग ढेकळं मारायला लागली. बाया आतूनच सांगायच्या, “बाज हाय चांगली, जा.” बाज चांगली नसायची.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि नामांतराच्या कामात. सरांना फलाटावर गाठलं आणि तोंडावर विचारलं, “तुम्ही आमच्या माणसाचं भूत का केलं?”

सर गोरेमोरे झाले. म्हणाले, “शोभा, कथा नीट वाचा. त्यात तो जीव वाईट नाहीच. वाईट आहे तो हकीम. जन्माला घालून दार लावणारा.”

“ढेकळं मारणारी पोरं कथा वाचत नाहीत, सर. चित्र बघतात.”

“कसली ढेकळं?”

त्यांना माहीत नव्हतं. निदान तसं म्हणाले. मी सांगितलं. सर ऐकत राहिले आणि मग, वर्गात सांगायचे तेच, जरा अडखळत म्हणाले, “पात्र एकदा जन्माला आलं की लेखकाचं राहत नाही.”

“मग कुणाचं राहतं? आमचं?”

गाडी आली. सर त्या दिवशी चढलेच नाहीत.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट कानावर आली. सर मामाला परत बाज विणायला बोलवायला लागले. तीच बाज. महिन्यातून एकदा, मग दोनदा. मामा म्हणाला, “मास्तराच्या घरी उंदरं लय झाली वाटतं. सुंभ कुरतडतेत.” पण सरांच्या शेजारणीनं आईला बाजारात वेगळंच सांगितलं. मास्तर दुपारी अंगणात बसून धडधाकट बाज हातानं उसवतो, वेड लागलंय त्याला. बायको माहेरी जायच्या गोष्टी करायलीय.

आई म्हणाली, “पस्तावलाय बिचारा.”

मी म्हटलं, “दुसरी कथा लिहायचीय त्याला. समोर बसवून बघायला पाहिजे ना माणूस.” तेव्हा मला तसंच वाटत होतं. समजा पस्तावा असला, तरी स्वतःच्या अंगणात, भिंतीच्या आत केलेला पस्तावा कुणाच्या कामाचा? मारणारी पोरं रस्त्यावर होती. सरांनी रस्त्यावर येऊन सांगायला हवं होतं की हे मी रचलं, या माणसाचं अंग चोरून रचलं.

ते सांगत नव्हते, म्हणून मी पत्रक काढलं.

परभणीत एकाच छापखान्यात आमची पत्रकं आणि सरांच्या पुस्तिका छापल्या जात. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे बाबूभाई म्हातारे होते, सगळ्यांची थट्टा करत. “सर का भूत और तुमारा मोर्चा, दोनों एकीच टाइप से निकलते, बेटा,” म्हणायचे. त्या दिवशी माझा मजकूर वाचून मात्र थट्टा केली नाही. काडी कानात घालून बसले. मग म्हणाले, “नाम डालनाच है क्या?”

“नाव नाही टाकलं तर पत्रक कशाला?”

हा आमचा नियम होता. अन्याय जिथला, त्या गावाचं नाव. अन्याय ज्याच्यावर, त्याचं पूर्ण नाव. मोघम लिहिलेलं पत्रक म्हणजे रडगाणं, असं आम्हाला शिकवलेलं. साहेब लोक मोघम तक्रार फाईलला लावतात, नाव असलं तर उत्तर द्यावं लागतं. हा नियम आम्ही अनुभवातून केला होता आणि तो बरोबरच होता. मी लिहिलं, या भयकथेतलं भूत म्हणजे जिवंत माणूस आहे. लिंबाजी, बाप अमुक, गाव अमुक, धंदा बाजा विणणे, दंगलीत तोंड भाजलेलं. आणि लेखकाला चार खडे सवाल. पत्रक आम्ही परभणीच्या स्टँडवर वाटलं, पाथरीच्या बाजारात वाटलं, देवगाव फाट्यावर जीपमध्ये बसलेल्यांच्या हातात दिलं.

मामाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. त्याच्याच बाजूनं तर लिहीत होते.

तोवर ते तोंड ओळखणारं आमचं एकच गाव होतं. बाकीच्या दहा-बारा गावांतल्या बायांना मामा हा भाजलेला बाजवाला, एवढंच माहीत होतं. एसटी स्टँडवरची पुस्तिका तिथं कोण वाचणार? माझं पत्रक मात्र सगळीकडं पोचलं, फुकट, आणि चावडीवर मोठ्यानं वाचलं गेलं. लोकांनी त्यातले सवाल ऐकले नाहीत. त्यांनी एवढंच ऐकलं की ते छापलेलं भूत खरं आहे आणि ते अमुक गावचं आहे. पंधरा दिवसांत सगळी दारं बंद झाली.

सर आमच्या घरी आले ते तेव्हा. पहिल्यांदाच. पिंगळीहून चालत, छत्री घेऊन. आमच्या वस्तीत कुत्र्यांना तोटा नाही. सर घामानं निथळत होते. बाजेवर बसले, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्याले. पत्रक त्यांच्या खिशात चार घड्या करून होतं.

म्हणाले, “तुमचे चारही सवाल बरोबर आहेत, शोभा. एकालाही माझ्याकडं उत्तर नाही.” मग जरा थांबून, “पण मी नाव छापलं नव्हतं हो.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. मी आत निघून गेले. आई त्यांना म्हणाली, “गुरुजी, आता काय करायचं ते सांगा. पोरीनं बी केलं, तुमी बी केलं. लिंबाजीला चार दिस झाले, काम न्हाई.”

चारच दिवसांनी प्रकरण हातघाईवर आलं. गावातल्या रंगनाथ पाटलाचा नातू तापात बरळला. त्यानं वाटेत मामाला बघितलं होतं म्हणे. रविवारी सकाळी चावडीसमोर माणसं जमली. लिंबाजीनं गाव सोडावं असं बोलणं सुरू झालं. मामा एका बाजूला उकिडवा बसलेला, सुंभाचं वेटोळं मांडीवर. सरांना मी निरोप धाडला होता. मला वाटलं येणार नाहीत. आले.

उभे राहिले आणि वर्गात बोलायचे तसं, खालच्या आवाजात बोलले. ही कथा मी रचली. असा हकीम नव्हता, असं प्रेत नव्हतं. हा माणूस माझ्या अंगणात बसला होता, मी त्याचं तोंड उचललं, बोटं उचलली, बोलणं उचललं. गुन्हा माझा आहे. सगळं स्वच्छ सांगितलं. मला जे हवं होतं ते सगळं.

रंगनाथ पाटील ऐकून घेऊन म्हणाले, “ते खरं हो गुरुजी. पण तुमच्यासारख्या शिकलेल्या मानसाला दिसलं म्हनूनच लिवलं ना? उगं कशाला लिवतंय कुनी?”

“मी रचलं. खोटं रचलं.”

“आता तुमी मोठ्या मनाचे, त्येच्यासाठी झाकायलात.”

माणसं माना हलवत होती. सर एकेका तोंडाकडं बघत होते. शनिवारी खिडक्या लावून जे त्यांनी आयुष्यभर केलं, ते इथं उघड्यावर उलटं करायला गेले आणि होईना. मला तेव्हा त्यांची दया आली नाही. आज थोडी येते.

मग ते मामाकडं वळले. “लिंबाजीराव, तुम्ही माझ्या घरी चला. पिंगळीत. माझी मागची खोली आहे. जन्मभर राहा.”

मला आठवतं, मी मनात म्हटलं, घ्या, आता फोटोही काढा.

मामा उठला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, “मास्तर, तुमी लिवलं तवा मला इच्यारलं न्हाई. ह्या पोरीनं छापलं तवा बी न्हाई. आन् आता बी मला न इच्यारताच खोली दिली.” त्यानं सुंभ मांडीवरून खांद्यावर घेतलं. “माझी माय ह्या गावात जळाली. मी कामून जाऊ? मला खोली नगं. मला काम पायजे. तुमच्यामुळं दारं बंद झाली, तर दारावर चला माझ्यासंगं.”

“कधी?” सर म्हणाले.

“आताच चला की. रविवार हाय, साळा न्हाई.”

लोक हसले. त्या हसण्यानं सभा मोडली. गाव सोडायचं बोलणं त्या दिवशी तिथंच राहिलं, पुढं कुणी काढलं नाही. पाटलाचा नातूही तीन दिवसांत उठून खेळायला लागला.

आणि सर दारोदार गेले. त्या दिवशी आणि त्यानंतरचे कितीतरी रविवार. बाजवाल्यामागं मास्तर, काखेत छत्री, हातात सुंभाचं दुसरं वेटोळं. दारापाशी मामा खाकरायचा, आवाज मात्र सर द्यायचे. नागापूरकर सरांच्या तोंडावर दार कोण लावणार? बाई पदर सावरून बाज टाकायची. अंगणात मामा विणायचा आणि सर समोर उकिडवे बसून दोरी ताणून धरायचे. ताणता यायची नाही. “मास्तर, लिवायलात का धरायलात? ओढा की जोर लावून,” मामा सगळ्यांसमोर दटावायचा आणि बाया तोंडाला पदर लावायच्या. सरांच्या तळहातांना फोड यायचे. सोमवारी वर्गात त्यांना खडू धरता येत नसे, असं शाळेतली पोरं सांगत.

मी यातही खोट काढली. काढायलाच हवी होती. मामाला तोंडावरच म्हटलं, “दार तुझ्यासाठी नाही उघडत. त्यांच्या आडनावासाठी उघडतंय.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “पर बाज तर मीच इनतो की.”

“आणि त्यानं यावरही कथा लिहिली तर?”

“लिवू दे. ह्या बारीला इच्यारलंय मी त्येला. म्हनला, लिवनार न्हाई.”

माझा विश्वास बसला नाही. पुढची तीन वर्षं मी दर दिवाळीला एसटी स्टँडवरचे सगळे अंक चाळत होते. दुकानदार वैतागायचा, घ्यायचा तर घ्या म्हणायचा. सरांची एकही ओळ सापडली नाही. बाबूभाईंनी सांगितलं की पुस्तिकेची दुसरी आवृत्ती जुळवून झाली होती. सर स्वतः येऊन बसले आणि त्या पानांचे खिळे एकेक करून परत खणांत टाकून गेले. मालकानं पुष्कळ समजावलं. तरी आधीच्या प्रती होत्याच. आजही कुठंतरी असतील. सरांना ते पक्कं ठाऊक होतं.

मी मामाची माफी मागितली का? मागितली. तो म्हणाला, “पत्रक परत घेता येतं का गं?” मी नाही म्हटलं. “मग ऱ्हाऊ दे,” म्हणाला, आणि बाजेचा ताण बघायला लागला. त्यात माफी होती की नाही, मला कळलं नाही. पत्रकात आम्ही आजही नावं टाकतो. आधी त्या माणसाच्या घरी जाऊन बसतो, एवढा फरक झाला. नामांतर अजून व्हायचं आहे, पत्रकं अजून लागतात.

शोकसभेतल्या सात जणांना सरांच्या तळहातांची गोष्ट माहीत होती का, ठाऊक नाही. असती तर त्यांनी तीही गोड करून सांगितली असती. ती गोड नाही. ज्यानं, माझ्या पत्रकाच्या जोडीनं, एका माणसाची दहा-बारा गावं बंद केली, त्यानं ती एकेक दारानं उघडायला घेतली, आणि सगळी उघडून व्हायच्या आत त्याचं आयुष्य संपलं. हिशेब माझ्या लेखी अजून उरलेला आहे. आणि माझ्या नावावरचाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात, पिंगळीच्या पलीकडच्या एका खेड्यात. एका बैठकीसाठी मी जीपनं चालले होते. प्रवासी घ्यायला जीप थांबली. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी सर आणि मामा उभे. सर फार वाळले होते. ते सवयीनं पुढं व्हायला निघाले, तर मामानं त्यांच्या छातीवर हात आडवा धरला, तोच चिकटल्या बोटांचा हात, आणि काहीतरी म्हणाला. सर थांबले. मामा एकटाच तिसऱ्या घरापर्यंत गेला.

जीपमधून आवाज ऐकू येत नव्हता. मामा दारात उभा राहिलेला दिसत होता. बराच वेळ. मग दार उघडलं. बाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग गल्लीच्या दोन्ही बाजूंना बघितलं, बरोबर कुणी आहे का ते.

सर झटकन दोन पावलं मागं सरले आणि कोपऱ्यावरच्या भिंतीला पाठ लावून, तिला दिसणार नाहीत असे उभे राहिले.